होळीच्या पोळीचा महजर

मोडी कागद वाचून देणारी म्हणून जे लोक मला गाठतात, त्यांतल्या बहुतेकांना इतिहासाशी काही देणंघेणं नसतं. कुणाचा बांधावरून दावा चालू असतो, कुणाला देवस्थानच्या इनामात आपलं नाव निघतंय का ते बघायचं असतं, कुणाला जातपडताळणीसाठी खापरपणजोबांची नोंद हवी असते. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी येणाऱ्यांना एकाएकी भाव आला. तोवर ‘तिला छंद आहे’ एवढंच म्हणणारे नातेवाईकसुद्धा कोतवाल बुकाचे फोटो पाठवायला लागले. गावातल्या जन्ममृत्यूच्या या वहीत नावापुढे जात लिहिलेली सापडते, म्हणून तिला मागणी. मी मात्र तिच्यात आधी मृत्यूचं कारण कुठे लिहिलंय ते बघते. पानंच्या पानं ‘पटकी’, म्हणजे कॉलरा, लिहिलेलं दिसतं आणि पुढच्या पानावर कारकून बदललेला असतो. त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

स्थानिक इतिहासाचं काम करते असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले. “पीएचडी करताय?” नाही. “कुठल्या कॉलेजात?” कुठल्याच नाही. “मग भागतं कसं?” भागतं ते या दाव्यांवर आणि दाखल्यांवर. पानामागे पैसे घेते आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, की कागदात जे लिहिलंय ते लिहून देईन, तुम्हाला हवं ते निघेलच असं नाही. या दुसऱ्या वाक्याला सगळे मान डोलवतात. ऐकत कुणीच नाही.

नीरेच्या काठच्या एका गावातल्या काकांचा फोन आला तोही असाच. घराण्याची वंशावळ छापायची होती आणि आपण गावचे मूळ पाटील, थोरल्या शाखेचे, याचा कागद घरात आहे असं त्यांचं म्हणणं होतं. फोटो पाठवा म्हटलं. आले ते रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले, अर्ध्या पानावर काढणाऱ्याची सावली. मग मीच गेले.

कागद ठेवायची जुनी पद्धत आपल्याकडे चांगली होती. कापडी रुमालात गठ्ठा बांधायचा, आत वेखंडाची पुरचुंडी टाकायची, वर्षातून एकदा उन्हं दाखवायची. या घरात दोन रुमाल होते. एक काकांनी माझ्यापुढे सोडला. दुसऱ्यात ‘नुसती देण्याघेण्याची’ कागदपत्रं आहेत, ती तुमच्या कामाची नाहीत, असं म्हणून तो ट्रंकेतच राहिला. सोडलेल्या रुमालातले दोन कागद मुलाने हौसेने लॅमिनेट करून आणले होते. हल्ली हे फार बघायला मिळतं आणि बघितलं की पोटात गोळा येतो. उष्णतेने चिकटवलेलं ते प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. कागदाला घडीवर चीर असेल तर ती तशीच आत कोंडली जाते आणि पाठीमागचा मजकूर चकाकीत दिसेनासा होतो. काळी शाई काजळाची. ती दोन-अडीचशे वर्षं फिकी पडत नाही, पाण्याने मात्र फुटते. वाळवी, पाऊस आणि सेलोटेप यांतून जे वाचलंय ते आता लॅमिनेशनमधूनही वाचायला हवंय.

रुमालात रोखे होते, लग्नखर्चाच्या यादी होत्या, एका म्हशीच्या खरेदीची पावती होती आणि एक सनद होती, जिच्यावर काकांचा फार जीव. ती उजेडासमोर धरली. कागदात इंग्रजी अक्षरांची जलखूण दिसली, गिरणीतल्या यंत्रावर काढलेल्या कागदाला असते तशी. मजकुरातला काळ छत्रपती शाहू महाराजांचा, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. म्हणजे एकोणिसाव्या शतकात कुणीतरी केलेली नक्कल, किंवा सरळ बनावट. १८५२ च्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करायला लोकांनी जुने कागद काढले, त्यांच्या नकला केल्या, आणि जुना कागद नव्हता त्यांच्यातल्या काहींनी तो तयार केला. त्यामुळे असं काही हाती आलं की मी लगेच खोटं म्हणत नाही. ‘नक्कल’ असं लिहिते आणि जलखुणेची नोंद करते.

तळाशी महजर होता, म्हणजे गावसभेने साक्षी घेऊन दिलेल्या निवाड्याचा कागद. हाताने बनवलेल्या जाड कागदाचे तुकडे एकाला एक चिकटवून केलेली लांबलचक पट्टी, गुंडाळून ठेवलेली. उलगडताना शाई सुकवायला टाकलेली बारीक वाळू अजून खाली पडत होती. शेवटाला पंचांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, पेठेतल्या शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. हा अस्सल होता.

मोडी शिकवण्यांमध्ये अक्षरं शिकवतात. वाचायला शिकवतो तो लिहिणाऱ्याचा हात. कारकून आधी पानभर रेघ ओढून घेतो आणि मग शब्दांमध्ये जागा न सोडता, शक्यतो बोरू न उचलता, तिच्याखाली लिहीत सुटतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरावर आटोपलेले. म्हणून मी पहिल्या बैठकीला अर्थ लावतच नाही. माहीत असलेला शब्द शोधते. पत्राचा मायना, ‘मौजे’, ‘परगणे’ हे कुठे ना कुठे येणारच. त्यांच्यावरून या हाताचा ‘म’ कसा, ‘प’ कसा, ‘र’ कुठे गिळला आहे हे कळतं. त्याची एक पट्टी कागदाच्या कडेला लिहून ठेवायची. मग दुसऱ्या दिवशी तोच कागद निम्म्या वेळात वाचून होतो.

तारीख होती शुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या कालगणनेत, नेहमीप्रमाणे अरबी आकड्यांत आणि एककापासून वर चढत जाणारी: सलास तिसैन मया व अलफ. तीन, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे ११९३. हे साल मृग नक्षत्रावर, जूनच्या सुरुवातीला बदलतं, त्यामुळे इसवी सन काढायला तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतर ६००. महिना जमादिलाखर. तो त्या वर्षी जानेवारीत लागतो, जंत्रीत बघून घेतलं. तेव्हा १७९३. सवाई माधवराव पेशवे गादीवर आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती असतानाचा काळ.

आणि हा एवढा मोठा कागद कशासाठी, तर होळीची पहिली पोळी कुणाची.

थोरलं घर म्हणतं आमची, धाकटं घर म्हणतं आमच्या आज्यापासून आम्हीच टाकतो. शिमग्याला मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, प्रकरण परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांपर्यंत गेलं. गोत, म्हणजे निवाडा करणारी सभा, जमलं. गावातल्या बलुतेदारांना देवळात उभं करून एकेकाची साक्ष घेतली गेली. तुझ्या बापाच्या वेळी पोळी कोण टाकायचा, तू स्वतः काय पाहिलंस, ऐकीव काय आणि डोळ्यांदेखतचं काय, हे वेगवेगळं विचारलं आहे. निकाल जानेवारीत झाला. पुढची होळी यायच्या आत मिटवून टाकायचं असणार, असा माझा तर्क आहे. कागदात तसं म्हटलेलं नाही.

काकांचं घर धाकटं निघालं. वडीलपण थोरल्या घराकडे, पोळी मात्र एक साल आड दोघांनी टाकायची, असा निवाडा. धाकट्याच्या दृष्टीने जिंकल्यातच जमा होतं, म्हणून तर त्यांनी हरकीचे, म्हणजे जिंकणाऱ्याने सरकारात भरायचे, पैसे भरून कागद करून घेतला आणि सव्वादोनशे वर्षं सांभाळला. ही गोष्ट मी काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

“मॅडम, वंशावळीच्या पुस्तकात हे एवढं पान नाही घातलं तर?”

“पुस्तक तुमचं आहे काका, तुम्ही ठरवा. मी लिहून दिलेल्यात ते असणार.”

“आणि थोरलं घर म्हणजे आमचे ते वरच्या आळीतले?”

नावांवरून तसंच दिसत होतं. वरच्या आळीशी त्यांचं गेली कित्येक वर्षं पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद होतं.

मानपानाच्या भांडणांना लोक हसतात. मीही सुरुवातीला हसायची. आता मला वाटतं, की गावाचा जो काही लेखी इतिहास आपल्याकडे उरलाय तो बहुतेक भांडणाऱ्यांनीच ठेवलेला आहे. सगळं सुरळीत चालू असताना लिहून कोण ठेवतो? ज्या गावात दोन भाऊ गोडीने राहिले तिथे वसुलाचे आकडे मिळतात, माणसं मिळत नाहीत. या एका महजरात मात्र न्हावी बोलतो, कुंभार बोलतो, महार शिवेची आणि पिढ्यांची खडान्‌खडा माहिती सांगतो. त्याच्या साक्षीला तर बाकीच्यांपेक्षा जास्त ओळी दिल्या आहेत. गावची शीव राखणाऱ्याचं म्हणणं अशा वेळी मोलाचं धरत, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या ओळींवरून बोट फिरवणं वेगळं.

याच साक्षींमध्ये शेट्याची साक्ष आली. पेठेतला वाणी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या वडिलांनी वेशीबाहेर विहीर बांधली, पाणी लागलं तेव्हा पूजा केली आणि पहिला विडा थोरल्या घराला दिला, मी तिथे हजर होतो. पोळीच्या वादात ही साक्ष फारशी उपयोगी पडलेली दिसत नाही. माझे मात्र कान टवकारले. कारण वेशीबाहेरची ती पायऱ्यांची विहीर मी येताना पाहिली होती आणि तिच्यासमोर ‘शिवकालीन विहीर’ असा ग्रामपंचायतीचा फलक होता.

फलकाचं मूळ यात्रेच्या पुस्तिकेत सापडलं. ती लिहिणारे निवृत्त गुरुजी शेजारच्याच गल्लीत राहतात. विहिरीच्या कोनाड्यावर लेख आहे, त्यात शके १५९७ आहे, म्हणजे राज्याभिषेकाच्या पुढचंच वर्ष, असं त्यांनी लिहिलं होतं. हिशोब बरोबर होता. राज्याभिषेक शके १५९६ चा. पण महजरातला शेटे १७९३ मध्ये म्हणतोय की बापाने विहीर बांधली तेव्हा मी हजर होतो, आणि शके १५९७ म्हणजे १६७५. मधे ११८ वर्षं. एकतर विहीर दुसरी, नाहीतर आकडा दुसरा.

लेखावर ऑइलपेंटचे थर होते. गावोगावी हीच तऱ्हा. वीरगळ दिसला की शेंदूर, शिलालेख दिसला की रंग. श्रद्धेने करतात, त्यामुळे रागावताही येत नाही. खरवडायचं तर अजिबात नाही, दगडाचा पापुद्रा सुटला की अक्षर कायमचं गेलं. माझी पद्धत साधी. अंधार पडल्यावर जायचं आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने मारायची. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो. आडव्या उजेडात खोदलेल्या रेघेच्या कडेला सावली पडते आणि रंगाखालचं अक्षर वर येतं. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला न्यायची, पुन्हा फोटो. गुरुजी स्वतः बरोबर आले होते, मफलर गुंडाळून आणि थोडे नाराज.

दगडावरचा लेख मोडीत नव्हता, बाळबोध म्हणजे देवनागरीच होता. आकड्यातला एक, नऊ, सात स्वच्छ होते. दुसरा आकडा पाच की सहा, ते डावीकडून उजेड टाकला तर पाच वाटे आणि वरून टाकला तर सहा. दगडाचा टवका नेमका तिथेच उडालेला. माझं मत सहाकडे झुकत होतं, पण मला सहा हवा होता म्हणूनही तसं दिसत असेल, तेव्हा मी गप्प राहिले. पुढची ओळ बघू या म्हटलं. तिथे ‘म’, मग गेलेलं अक्षर, मग ‘थ’, आणि पुढे नाम संवत्सरे.

“मन्मथ,” गुरुजी म्हणाले.

आता आकड्याची गरजच उरली नाही. साठ संवत्सरांचं चक्र ठरलेलं असतं. शकात बारा मिळवायचे, साठाने भागायचं, बाकी उरेल तितकावा संवत्सर, प्रभवापासून मोजून. १५९७ ला बाकी येते ४९, म्हणजे राक्षस. १६९७ ला येते २९, म्हणजे मन्मथ. मी मोबाइल काढेपर्यंत गुरुजींनी बोटांच्या पेरांवर मोजून संपवलं होतं. ते स्वतःशीच म्हणाले, “राक्षस नाही तर. मन्मथच.” शके १६९७, म्हणजे १७७५-७६. महजराच्या सतरा-अठरा वर्षं आधी. शेटे खरंच तिथे उभा असणार. खाली शेवटच्या ओळीत ‘शेटे’ ही दोन अक्षरंही टॉर्चने दाखवली; त्याच्या आधीचं नाव मात्र टवक्यात गेलं आहे.

एकाच गोष्टीबद्दल, एकमेकांची गाठही न पडलेल्या दोन साधनांनी सारखंच बोलावं, असं या कामात क्वचित होतं. एक कागद पोळीच्या भांडणातला, एक दगड पुण्यकर्माचा. मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं आहे, पण त्यात डासांचाही वाटा होता.

गावात बातमी पसरली ती वेगळ्याच वळणाने. १७७५ म्हटल्याबरोबर एकाने सांगितलं, “मग अहिल्याबाईंची!” अहिल्याबाई होळकरांचा कारभार १७६७ ते १७९५, तेव्हा काळ जुळतो खरा. त्यांनी देशभर इतक्या विहिरी, घाट आणि देवळं बांधली, की धनी न सापडलेलं प्रत्येक बांधकाम आपण त्यांच्या नावावर टाकतो. त्याआधीचं असलं की हेमाडपंती, आणि त्याच्याही आधीचं असलं की पांडवांनी एका रात्रीत. गावच्या पेठेतल्या एका वाण्याने आपल्या पैशाने विहीर बांधली, हे कुणाच्या मनाला पटकन पटत नाही. मला विचाराल तर शिवकालीन असण्यापेक्षा हेच मोठं आहे, कारण एवढी घडीव दगडाची विहीर बांधण्याइतका पैसा या पेठेत खेळत होता असा त्याचा अर्थ. आज त्या पेठेच्या जागी चार पडक्या ओट्यांपलीकडे काही नाही.

मग शेट्याच्या मागे लागले. या भागात ब्रिटिशांची जमीनमोजणी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या पद्धतीने सुरू झाली आणि पुढे सगळीकडे पसरली. त्या मोजणीचं जुनं पत्रक मिळालं तर पेठेतल्या घरांचं पुढे काय झालं ते कळलं असतं. एका कार्यालयात ते ‘आहे, पण सापडत नाही’. दुसऱ्या ठिकाणी जीर्ण आहे म्हणून दाखवत नाहीत, आणि दाखवत नाहीत म्हणून ते आणखी जीर्ण होतंय. शेवटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक नोंदवही बघायला मिळाली. तिच्यात शेटे आडनावाचं एकही खातं नव्हतं.

गावचं कुळकर्णी दप्तर असतं तर गोष्ट वेगळी होती. पण ते १९४८ मध्ये वाड्याबरोबर जळालं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत या पट्ट्यात असे कितीतरी वाडे गेले. त्यांच्याबरोबर फक्त त्या घरांचा नाही, सबंध गावाचा लेखी हिशोब गेला. जे उरलं ते १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं संपल्यावर रद्दीत निघालं. वतन गेलं, मग कागद कशाला ठेवायचा? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे दारोदार दप्तरं मागत हिंडले, १८९८ पासून साधनांचे बावीस खंड छापले गेले, ते सगळं या दोन तडाख्यांच्या आधीचं. निम्म्या गावांत आज जाऊन जे मिळणार नाही, ते त्यांच्यामुळे किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांमुळे छापील तरी मिळतं. या गावाचं मात्र छापील काही नाही. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडून काढलेल्या पंचेचाळीस खंडांतही मला ते आढळलं नाही, आणि आढळायचं कारणही नव्हतं. निवड झाली ती मुख्यतः लढायांची आणि राजकारणाची.

न निवडलेलं अजून पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, रुमालात बांधलेलं. प्रांत अजमास, घडणी, रोजकीर्द अशी हिशोबाची दप्तरं. परगण्याच्या हिशोबात पेठेतल्या वाण्यांकडून घेतलेल्या मोहतर्फ्याची, म्हणजे धंद्यावरच्या कराची, रक्कम नावानिशी लागते का, ते बघायचं आहे. परवानगीचा अर्ज दिलाय.

दरम्यान फलक बदलला. गुरुजी स्वतः सरपंचांकडे जाऊन बसले आणि पुस्तिकेतलं आपलं वाक्य आपणच दुरुस्त करून दिलं. आता तिथे ‘पेशवेकालीन विहीर, शके १६९७’ असं आहे. शेट्याचं नाव घाला म्हणून मी सुचवलं होतं. सरपंच म्हणाले, “ताई, त्या घरातलं कुणी मागणी करायला हवं ना.”

वंशावळीचं पुस्तक छापून आलं. महजर आहे त्यात, पोळी एक साल आड हेही आहे, फक्त ‘धाकटं घर’ या ठिकाणी ‘दुसरं घर’ असं झालंय. पुस्तकाची एक प्रत वरच्या आळीत पोचली आणि तिथल्या पुतण्याने मला फोन करून त्यांच्याकडेही एक डबा आहे असं कळवलं. तो बघायला जाणार आहे.

काकांना मी परवा सहज विचारलं, की नदीकडच्या तुमच्या वावराला लोक शेटेमळा का म्हणतात? ते म्हणाले, “पडलंय नाव.” त्या वावराचा सातबारा त्यांच्या नावावर आहे. ट्रंकेतला दुसरा रुमाल सोडायला ते अजून तयार नाहीत.